चेंडू हातात, तीन मोजेपर्यंत

कपड्यांपासून सुरुवात करावी लागेल, कारण या काळात पाऊल टाकल्याबरोबर तुम्हाला पहिली जाणीव होते ती त्यांचीच. लंडनच्या वायव्येचं हॅम्पस्टेड, 1890च्या दशकातली एक सकाळ, हवेत कोळशाच्या धुराचा वास, आणि तुमच्या कमरेभोवती करकचून आवळलेला कॉर्सेट. पुरुष वाचकांनी तक्रार करू नये. आज ज्या इमारतीत शिरायचं आहे तिथे प्रवेश फक्त मुलींना, तेव्हा पुढचा काही वेळ तुम्हीही मुलगीच. एक जिना चढलात तरी धाप लागते. दम कमी आहे असं नाही, फासळ्यांखाली हवेला जागाच नाही.

आत गेल्यावर पहिला हुकूम मिळतो तो हा प्रकार काढून ठेवण्याचा. हातात येतो बिनबाह्यांचा, चुण्या घातलेला, गुडघ्यापर्यंत येणारा झगा. आतून ब्लाऊज, पायांत लांब काळे मोजे. इथल्याच मेरी टेट नावाच्या विद्यार्थिनीच्या डोक्यातून निघालेला हा पोशाख पुढे जिमस्लिप म्हणून ब्रिटनभरच्या मुलींचा गणवेश होणार आहे. मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलींनी वर्षानुवर्षं घातलेला ट्युनिकही त्याच घराण्यातला. तुम्ही तो अंगात चढवता, दोन्ही हात डोक्यावर नेता आणि ते खरोखर वर जातात. खाली वाकता येतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बाईला या घटकेला हे जमणार नाही.

हॉलमध्ये भिंतींना लाकडी दांड्यांच्या शिड्या, छतापासून लोंबणारे दोर. मुली रांगेत उभ्या आहेत आणि समोर मादाम. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग हे पूर्ण नाव, पण इथे कोणी ते उच्चारत नाही. स्वीडनमध्ये जन्म, स्टॉकहोमच्या शाही व्यायाम संस्थेत शिक्षण, आणि 1881 साली लंडनच्या स्कूल बोर्डानं मुलींच्या शाळांमधल्या व्यायामशिक्षणाची देखरेख करण्यासाठी त्यांची नेमणूक केली. 1885 मध्ये त्यांनी हे कॉलेज काढलं. खेळाडू तयार करणं हा इथला उद्देश नाही. इथे शिक्षिका घडवल्या जातात. शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्य, स्वीडिश कवायत, आणि त्यानंतर जवळपासच्या शाळांत जाऊन प्रत्यक्ष वर्ग घेणं असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मादाम कडक आहेत. त्यांचे सगळेच विचार आज आपल्याला पचणारे नाहीत: बायकांनी सुदृढ व्हायचं ते पुढचा 'वंश' सुधारण्यासाठी, असं त्या गंभीरपणे मानतात. पण बायकांना मतदानाचा हक्क मिळावा असंही त्या तितक्याच गंभीरपणे मानतात. दोन्ही मतं एकाच ताठ मानेवर आहेत, आणि ती मान आता तुमच्याकडे वळलेली असल्यामुळे तुम्ही पाठ सरळ करता.

आज कवायत नाही. अमेरिकेहून पाहुणे आले आहेत आणि त्यांनी तिकडचा एक नवा खेळ सांगितला आहे. हॉलच्या दोन टोकांच्या भिंतींवर एकेक टोपली अडकवलेली दिसते. नीट पाहा, ती ऑफिसातली रद्दी कागदाची टोपली आहे. चेंडू तिच्यात टाकायचा, इतकंच कळलेलं आहे. जमिनीवर एकही रेघ नाही. कोणी कुठे उभं राहायचं, कितीजणींनी खेळायचं, याचा छापील कागद नाही.

शिट्टी होते आणि सगळ्याजणी चेंडूमागे. अर्ध्या मिनिटात तुमच्या लक्षात येतं की हा खेळ तिघीच खेळत आहेत. एक उंच, दोन चपळ. बाकीच्या त्यांच्याभोवती घोळका करून धावतात, धडकतात, आणि "इकडे, इकडे" म्हणून हात हलवतात. तुमच्याकडे चेंडू एकदाच येतो, तोही कोणाच्या तरी कोपराला लागून. टोपलीला बूड आहे, त्यामुळे गोल झाला की सगळं थांबतं आणि कोणीतरी खुर्चीवर चढून चेंडू काढून आणते. त्या मधल्या वेळात मात्र आजूबाजूला पाहून घ्या. घामाघूम चेहरे, सुटलेले केस, आणि मोठ्यानं हसणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुली. स्वीडिश कवायतीच्या तासाला हसण्याची प्रथा नाही.

खेळाचं मूळ अगदी ताजं आहे. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खेळता यावं म्हणून बास्केटबॉल काढला. त्याच राज्यातल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेनसन यांनी लगेच तो मुलींसाठी घेतला, पण घेताना बदलला. कोर्टाचे तीन भाग पाडले, प्रत्येकीला आपापल्या भागात बांधलं, हातातून चेंडू हिसकावायला बंदी केली. कारण दोन: मुलींना फार श्रम होऊ नयेत, आणि धसमुसळेपणा शोभत नाही. आजच्या कुठल्याही मुलीला ही कारणं ऐकून राग येईल, आणि यावाच. पण नियम ज्या कारणासाठी करावा तेच त्याच्यातून निघेल असं नसतं. त्या तीन भागांवर लक्ष ठेवा.

आता 1897. कॉलेज दोन वर्षांपूर्वी हॅम्पस्टेडहून केंटमधल्या डार्टफर्डला, किंग्जफील्ड नावाच्या मोठ्या बंगल्यात आलं आहे. भोवती झाडं, हिरवळ, मोकळं आवार. टोपल्या गेल्या, त्यांच्या जागी उंच खांबांवर लोखंडी कड्या आल्या. तुम्ही हिरवळीवर उभ्या आहात आणि पहिलीच गोष्ट करून बघता ती म्हणजे चेंडू जमिनीवर आपटणं. तो ओल्या गवतावर धप्प करून बसतो. पुन्हा आपटा. पुन्हा तेच. चामड्याचा, दोरीनं शिवून बंद केलेला चेंडू, दव पिऊन जड झालेला. बास्केटबॉलमधली टप्पे मारत पळण्याची सगळी ऐट इथे मातीमोल. चेंडू पुढे न्यायचा असेल तर एकच मार्ग उरतो, तो दुसरीकडे फेकायचा.

गवताची ही बाजू. कापडाचीही एक बाजू आहे. तुम्हाला मादामच्या कृपेनं जिमस्लिप मिळाली आहे, पण या आवाराबाहेर ज्या मुली हा खेळ खेळतील त्यांच्या अंगावर घोट्यापर्यंतचे स्कर्ट असतील आणि खांद्यापाशी फुगून मनगटाशी आवळलेल्या बाह्या. तशा मुलीला चेंडू घेऊन सुसाट पळायला सांगणं म्हणजे तिला तोंडघशी पाडणंच. तेव्हा तीन बाजूंनी एकच नियम घट्ट होत जातो. गवत टप्पा पडू देत नाही, स्कर्ट पळू देत नाही आणि बाईनं दुसरीच्या अंगावर जाणं समाजाला चालत नाही. यांतलं एकही कारण खेळाच्या प्रेमातून आलेलं नाही. तरी आता शिट्टी झाल्यावर काय होतं ते बघा.

मैदानाचे तीन भाग. तुम्ही मधल्या भागात, आणि तिथून हलायचं नाही. मागच्या भागातल्या मुलीनं चेंडू अडवला. तिला तो पुढे पाठवायचाय, आणि पुढे म्हणजे तुमच्याकडेच, कारण मध्ये दुसरं आहे कोण? चेंडू तुमच्या छातीवर येऊन आदळतो. पाय जिथे टेकले तिथे टेकले. आता घेऊन पळता येणार नाही. समोरची तुमच्या हातातून तो ओढू शकत नाही. क्षणभर सगळं मैदान तुमच्याकडे बघत थांबलेलं. तुम्ही मान वर करता, कड्याजवळ हात वर करून उभी असलेली मैत्रीण दिसते, आणि फेकता. हॅम्पस्टेडच्या त्या हॉलमध्ये अख्ख्या डावात तुमच्या वाट्याला आलं नाही ते इथे पहिल्या मिनिटातच आलं.

पुढची काही वर्षं भराभर उलटू द्या. इंग्लंडमधल्या व्यायामशिक्षिकांची लिंग (Ling) असोसिएशन नावाची संघटना 1899 मध्ये स्थापन होते, आणि 1901 साली ती या खेळाचे पहिले छापील नियम काढते. प्रती अवघ्या अडीचशे. आता त्याचं नाव नेटबॉल. कड्याची उंची दहा फूट, व्यास पंधरा इंच, आणि मागे फळी नाही. फळी नसणं ही साधी बाब वाटते. वाटत असेल तर खांबापासून चार हातांवर उभ्या राहून एक फेक करून पाहा. आपटून आत जायची सोयच नाही. चेंडू उंच कमानीतून वरूनच उतरला पाहिजे. तुमचा पहिला चेंडू कड्यावरून पलीकडे जातो, दुसरा खाली घसरतो. तिसऱ्याला गुडघे वाकवा, कोपर कड्याच्या दिशेला धरा आणि मनगट शेवटी सोडा. गेला!

ज्या कॉलेजातून शिक्षिका बाहेर पडतात तिथून खेळही बाहेर पडतो. रोडा अॅन्स्टी या माजी विद्यार्थिनीनं 1897 मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं, मार्गारेट स्टॅन्सफेल्ड यांनी 1903 मध्ये बेडफर्डला. तिथून निघालेल्या शिक्षिका मुलींच्या शाळांत गेल्या, काही जहाजानं साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला. फुटबॉल गिरण्यांतून आणि क्लबांतून पसरला, क्रिकेट लष्कराच्या छावण्यांतून. नेटबॉल पसरला तो पीटीच्या तासातून. दुसऱ्या कुठल्या मोठ्या सांघिक खेळाबद्दल हे इतक्या ठामपणे म्हणता येईल असं मला वाटत नाही.

म्हणून आता त्या तासालाच बसू. लंडनच्या एका गरीब वस्तीतली सरकारी शाळा, विटांची तीन मजली इमारत. 1906 मध्ये शिक्षण मंडळानं शाळेच्या वेळात खेळ घ्यायला परवानगी दिली आहे, त्याला वर्ष झालंय. या वेळी तुम्ही विद्यार्थिनी नाही, बाई आहात. हिरवळ नाही. डांबराचं आवार, चहूबाजूंनी भिंत, आणि भिंतीपलीकडे मुलांचं वेगळं आवार, तिथून फुटबॉलचा गोंगाट. हॉकी आणि लॅक्रॉसला गवताचं मोठं मैदान लागतं, काठ्या लागतात, पैसा लागतो. नेटबॉलला दोन खांब, एक चेंडू आणि खडूच्या रेघा. गरिबांच्या शाळेत हा खेळ टिकला त्याचं कारण एवढंच साधं आहे.

समोर पन्नासेक मुली. अंगावर एप्रन, पायांत थोरल्या बहिणीचे बूट. खडूनं तीन भाग तुम्ही सकाळीच आखून ठेवलेत. त्या रेघा पाहून आपल्याकडच्या माणसाला आट्यापाट्याच आठवतील. तिथेही पाटी धरणारा आपली पाटी सोडत नाही. (गंमत म्हणजे पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम लिहून काढले गेले ते 1914 मध्ये. पोरांचा खेळ घ्यावा, त्याला रेघा आणि कलमं द्यावीत आणि शाळेत न्यावा, ही हवा त्या काळात दोन्हीकडे होती.)

तुम्ही आधी चेंडू देत नाही. आधी उडी मारून एका पायावर थांबायला शिकवता. पहिला टेकलेला पाय हा मालकाचा, तो उचलला तर पुन्हा टेकायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे. दुसरा पाय नोकराचा, त्यानं हवं तिकडे जावं, फिरावं, टेकावं. बूट मोठे असल्यामुळे निम्म्या मुली घसरतात आणि तुम्हाला हसू आवरावं लागतं. मग जोड्या. दोघींमध्ये एक चेंडू असता तर बरं झालं असतं, पण शाळेकडे एकच आहे, त्यामुळे दोन लांब रांगा समोरासमोर आणि चेंडू वळणावळणानं या टोकापासून त्या टोकापर्यंत. छातीपासून फेक, अंगठे मागे, बोटं पसरलेली, फेकताना एक पाऊल पुढे. प्रत्येकीच्या हाताला त्याचं वजन कळलं की तुम्ही दोन संघ निवडता. उरलेल्या रेघेबाहेर, त्यांना पुढचा डाव.

पाच मिनिटांनी एक किडकिडीत मुलगी रेघेपाशी येऊन म्हणते, "मिस, मला बॉल मिळाला!" तक्रार असावी म्हणून तुम्ही वाकलेल्या असता, आणि हे ऐकून काय बोलावं ते सुचत नाही. ती परत आपल्या भागात पळते.

पण सगळं गोड नाही, हेही इथेच दिसतं. मागच्या टोकाला, स्वतःच्या कड्याखाली, एक जाडसर मुलगी हात काखेत घालून उभी आहे. वर्गातल्या मुलींनीच तिला तिथे ढकललं. तिचा संघ चांगला खेळतोय, म्हणजे चेंडू सतत दुसऱ्या टोकाला. तिला तिचा भाग सोडता येत नाही. मार्च महिना, बोचरा वारा, आणि ही थंडीनं पाय आपटतेय. जो नियम किडकिड्या मुलीला चेंडू देतो तोच हिला खांबाला बांधून ठेवतो. जिथे जिथे हा खेळ शाळेत गेला तिथे तिथे गोल कीपरचं बिब, म्हणजे खेळाडूची जागा सांगणारा तो अंगरखा, अशाच कोणाच्या तरी गळ्यात पडलं आहे. तुम्ही शिट्टी वाजवता, तिला पुढे बोलावता. "मिस, मी मागेच बरी," ती म्हणते. तुम्हाला वाईट वाटतं ते या उत्तराचं.

काळ पुढे ढकला. खेळ साम्राज्यभर गेला, पण प्रत्येकाचा वेगळा. न्यूझीलंडमध्ये तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोहोचला तो बाहेरच्या बास्केटबॉलच्या नावानं, आणि एका संघात नऊजणी. इंग्लंडमध्ये सात. दोन देशांच्या मुली एकत्र आल्या तर आधी कोणाचे नियम यावरच भांडण. ते मिटलं 1960 साली, आणि कुठे, तर कोलंबोत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि वेस्ट इंडीजच्या बायका सिलोनच्या उकाड्यात टेबलाभोवती बसल्या आणि सातजणींवर एकमत झालं. तीन वर्षांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर ईस्टबर्नला पहिली जागतिक स्पर्धा. ऑस्ट्रेलियानं न्यूझीलंडला 37-36 असं हरवलं. तुम्ही तिथे थांबू नका, वारा फार आहे.

दिल्लीला मात्र थांबा. ऑक्टोबर 2010, त्यागराज स्टेडियम, राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम लढत. पुन्हा तेच दोन देश. यजमान म्हणून भारताचा संघही या स्पर्धेत खेळला. भारतीय नेटबॉल महासंघ 1978 पासून आहे आणि आपल्याकडेही शालेय स्पर्धांच्या यादीत नेटबॉल असतो, तरी प्रेक्षकांत बसलेल्यांपैकी कितीतरीजण शेजारच्याला विचारताहेत, "ही टप्पा का मारत नाही?" तुम्ही सांगू शकता, कारण डार्टफर्डच्या ओल्या गवतावर तुम्ही स्वतः मारून पाहिला आहे. चेंडू कोणाच्याही हातात तीन सेकंदांच्या वर राहत नाही. अडवणारी तीन फुटांवर उभी राहून हात पसरते, त्याहून जवळ नाही. एखादी अंगावर गेली तर तिला चेंडू फेकणारीच्या बाजूला गप्प उभं राहावं लागतं, फेक होईपर्यंत. मागच्या टोकाहून सरळ पुढच्या टोकाला चेंडू भिरकावायला मनाई. मधल्या भागात कोणाचा तरी हात लागलाच पाहिजे. स्कर्टसाठी केलेले हे नियम, पण आता खेळणाऱ्या बायका दोन मीटरच्या जवळ उंच आणि चित्त्याच्या वेगाच्या, आणि चेंडू डोळ्यांनी पकडता येत नाही इतका झरझर फिरतोय. बरोबरी, जादा वेळ, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ. न्यूझीलंड 66, ऑस्ट्रेलिया 64.

आणि शेवटचा मुक्काम पुन्हा शाळाच. इंग्लंडमधली काही वर्षांपूर्वीची एक प्राथमिक शाळा, नऊ ते अकरा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यासाठी बेतलेला हाय फाइव्ह नावाचा प्रकार. सातांऐवजी पाच. चेंडू एक नंबरानं लहान, खांब दहाऐवजी नऊ फूट. संघात मुलगेही आहेत. हातानं चेंडू फेकणं हे बायकी काम, असं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही बाहेर बसलात तरी रिकामे नाही. कोणाच्या हातात घड्याळ, कोणाकडे गुणांची वही, कोणी पुढची मधली फेक कोणाची ते लक्षात ठेवायचं. आणि डावाचा एक भाग संपला की सगळ्यांनी जागा बदलायची. प्रत्येकानं. बाहेरचा आत, पुढचा मागे, मागचा पुढे. ही अदलाबदल शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती नियमातच आहे. 1907च्या त्या आवारात जे तुम्हाला शिट्टी वाजवून, समजावून, तरी जमलं नव्हतं, ते इथे बिबांच्या पिशवीनं होतं.

हे एका दिवसात सुचलेलं शहाणपण नव्हे. कड्याखाली उभं राहून कुडकुडलेल्या कित्येक मुली पुढे स्वतः पीटीच्या बाई झाल्या असणार, असा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

शिट्टी झाली. तुमच्या गळ्यातलं गोल कीपरचं बिब एक मुलगा घाईघाईनं ओढून काढतो, कारण आता ते त्याचं आहे, आणि त्याच्या अंगावरचं सेंटरचं तुमच्या हातात कोंबतो. त्याच्या घामानं ते ओलं आहे. घाला तसंच. पंच मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवताहेत, फेक तुमची आहे, आणि उजव्या कोपऱ्यात एक मुलगी केव्हाची हात वर करून उभी आहे.